दारफाळणीला उघडं दार

माझ्या नातीच्या फोनमध्ये एक बाई राहते. रोज सकाळी साडेसहाला ती मऊ आवाजात सांगते, श्वास आत घ्या, श्वास बाहेर सोडा, आणि आता स्वतःला माफ करा. नात मांडी घालून, डोळे मिटून, दहा मिनिटांत स्वतःला माफ करते आणि डबा विसरून ऑफिसला पळते. गेल्या वर्षी आमचं नवं वर्ष लागल्यावर तिनं मलाही शेजारी बसवलं.

"आजी, मनात जुनं काही असेल ते सोडून दे. माफ कर स्वतःला."

"मी मला माफ करणारी कोण गं? बोटं माझी गेलीत का?"

तिनं डोळे उघडले. फोनमधली बाई आपली श्वास घेतच होती.

"कुणाची बोटं?"

पन्नास वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही, आणि तो बिचारा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी नात ऑफिसला उशिरा गेली.

आम्ही बेने इस्राएल. मराठी बोलणारे यहुदी. आमचे वाडवडील कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून बसायचे, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. माझा नवरा रेल्वेत, खानापूरच्या बाजूला नोकरीला. मी बेळगावात सरकारी दवाखान्यात नर्स. वडगावात विणकरांच्या गल्लीत आम्ही दोन खोल्या घेतल्या. नळावरच्या बायकांनी महिनाभर आमची जात कोणती यावर वाद घातला आणि शेवटी 'शनिवारवाली' असं ठरवून विषय मिटवला.

मी त्या वयात फार धार्मिक होते. म्हणजे बघायला माणसं असली की धार्मिक होते. कोकणात आमची वीस घरं होती तेव्हा प्रार्थनेला जांभया द्यायचे. इथं सगळ्या गल्लीत एकटी म्हटल्यावर माझ्या अंगात एकदम ताठा आला. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत दिवा लावायचे तो खिडकीतच, रस्त्यावरून दिसेल असा. स्वयंपाकघरात लावला असता तर देवाला दिसला नसता असं नाही. पण शेजारणीला दिसला नसता.

ही शेजारीण माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. आमची भिंत एकच. तिच्या घरात साड्यांचे दोन पॉवरलूम होते. नवरा आणि दीर माग चालवायचे, ही दिवसभर कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या नळीवर सूत गुंडाळायची. मला आक्का म्हणायची. शनिवारी आम्ही विस्तव पेटवत नाही, हे तिला कळल्यापासून दर शनिवारी सकाळी ती हात पुसत यायची आणि माझा स्टोव्ह पेटवून जायची. आमच्यात असं दुसऱ्याला सांगायचं नसतं, त्यानं आपणहून करावं. म्हणून मी नुसतं म्हणायचे, "आज गारठा फार आहे, नाही?" ती हसायची. "व्हय आक्का, मे म्हैन्यात लई गारठा." आणि काडी ओढायची. मग त्याच स्टोव्हवर आम्ही दोघी चहा प्यायचो आणि माझ्या धर्माला काही झालं नाही असं मी धरून चालायचे.

आमचा सगळ्यात मोठा दिवस किप्पूर. नव्या वर्षानंतर दहावा. आमचे जुने लोक त्याला दारफाळणीचा सण म्हणत. दार लावून घ्यायचं, पांढरं नेसायचं, एका संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा प्यायचं नाही, बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. दिवसभर आपल्या पापांची कबुली द्यायची. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दार उघडायचं, दानधर्म करायचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांना भेटायचं.

त्या वर्षी नवरा प्रार्थनेला पुण्याला गेला होता. मी एकटी. पांढरी साडी खळ घालून कडक केलेली, हलले की कागदासारखी वाजायची. पुढ्यात देवनागरीत लिहिलेली हिब्रू प्रार्थना. अर्थ दहातला एक शब्द कळायचा, पण मूठ छातीवर मारायची ती अगदी तालात. आम्ही अपराध केला, आम्ही खोटं बोललो, आम्ही मन दगड केलं. आमच्यात कबुली नेहमी 'आम्ही' अशी असते, हे मला तेव्हा फार सोयीचं वाटायचं. त्या 'आम्ही'त मी कुठं आहे हे शोधायला कोण येतंय?

दुपारी शेजारचा माग थांबला. लाईट गेली असती तर सगळी गल्ली गप्प झाली असती. तसं झालं नाही. समोरचे माग खटखटत होते, पलीकडचे खटखटत होते, गप्प झालं ते एकटं शेजारचं घर. हे मला कळलं. नात म्हणते, लक्ष देणं शिकावं लागतं. अगं, लक्ष होतंच माझं. लक्ष असून माणूस काय करतो, तो प्रश्न आहे.

मग दारावर थापा.

"आक्का! आक्का, दार उघड! पोरीचा हात आलाय मागाच्या दात्यात! आक्का!"

पोरगी चार वर्षांची. माझ्याकडून साखर मागून न्यायची, मुठीत धरून, रस्ताभर सांडत.

माझ्या वडिलांनी मला लहानपणीच सांगितलं होतं, जीव धोक्यात असेल तर किप्पूरही मोडायचा, आणि विचारत बसायचं नाही. जो विचारत बसतो त्यानं रक्त सांडलं असं समज. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. आणि मी नर्स. कपाटात पट्ट्या, कापूस, सगळं होतं. मी उठले, दारापर्यंत गेले, कडीवर हात ठेवला. आणि मनात काय आलं? हातच ना, जीव तर नाही. गल्लीत माणसं आहेत, कुणी तरी नेईल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा किप्पूर पुरा होत होता, अर्धा दिवस तर निघालाही होता. मी परत येऊन बसले, डोळ्यांवर तळहात ठेवला आणि आमची रोजची प्रार्थना म्हणू लागले. तिचा पहिला शब्द आहे 'ऐक'. मी मोठ्यानं म्हणत होते, बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून.

थापा थांबल्या. दात्यातून हात सुटल्यावर तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि पळत मोठा रस्ता गाठला. टांगा मिळून आमच्या दवाखान्यात पोचेपर्यंत बराच वेळ गेला. पोरीची उजव्या हाताची दोन बोटं गेली. वेळेवर पोचली असती, मी हात बांधला असता, तर बोटं वाचली असती का? त्याच दवाखान्यात मी आणखी तीस वर्षं नोकरी केली. ज्यांनी बोटं काढली त्या डॉक्टरांबरोबर रोज राउंडला जायचे. एकदाही विचारलं नाही.

आता याच्यापुढचं खरं. दुसऱ्या दिवशी शिळ्या सणाला मी नारळाच्या दुधातला हलवा केला, ताटलीवर रुमाल टाकला आणि शेजारी गेले. शेजारीण दवाखान्यात. तिची सासू उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "काल कुठं हुतीस गं बाई? सून दार बडवून बडवून आली."

"पुण्याला गेले होते," मी म्हटलं. "सणाला."

म्हातारीनं ताटली घेतली नाही. माझ्या दाराकडे बघितलं. मीही वळून बघितलं आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पुण्याला जाणारा माणूस बाहेरून कुलूप लावून जातो. आदल्या दिवशी माझ्या दाराला बाहेरून कुलूप नव्हतं.

त्यानंतरच्या शनिवारी स्टोव्ह पेटवायला कुणी आलं नाही. मी गार दूध प्यायले. दुसऱ्या शनिवारीही. तिसऱ्या शनिवारी मला चहावाचून राहवेना, आणि मी स्वतःच्या हातानं काडी ओढली. म्हणजे बघा, पोरीसाठी दार उघडायला धर्म आडवा आला. चहासाठी नाही आला.

त्यानंतर आम्ही चाळीसएक वर्षं एकाच भिंतीला पाठ लावून राहिलो. पाणी आलं का, आलं. लाईट गेली का, गेली. एवढंच बोलणं. पुढं तिचा नवरा वारला, माग भंगारात गेले, आणि ती लेकीकडं निपाणीला राहायला गेली.

हे सगळं ऐकून नात आजकालच्या पोरींसारखी उपायाला लागली. आमच्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किप्पूरच्या आधी सगळे एक मेसेज फिरवतात, गुलाबाचं चित्र, खाली 'कळत-नकळत दुखावलं असल्यास क्षमा असावी'. नात म्हणाली, "हाच त्यांना पाठव ना."

"आणि त्या मला हात जोडलेलं चित्र पाठवतील. झालं, दोघी स्वर्गात!"

"मग फोन कर."

"दार लावून घेतलं होतं ते पुरे नाही झालं? आता फोनच्या आडून बोलू?"

माझे वडील सांगायचे, देवाशी केलेली चूक किप्पूरला देव पुसतो. माणसाशी केलेली चूक पुसायचा अधिकार देवाला नाही. त्या माणसाकडं स्वतःच्या पायानं जायचं, त्याचं मन वळवायचं, मग उपासाला बसायचं. तीनदा जायचं. पन्नास किप्पूर मी उपाशी राहिले, म्हणजे नुसतीच उपाशी राहिले.

किप्पूरला आठ दिवस होते. मी दुसऱ्याच दिवशी आधार कार्ड घेऊन निपाणीची बस धरली. आमच्या राज्यात बायकांना लाल बस फुकट. प्रायश्चित्तसुद्धा सरकारी खर्चानं! कंडक्टर "मुंदे होग्री, मुंदे होग्री" करत सगळ्यांना पुढं ढकलत होता आणि मी मांडीवर डबा सांभाळत होते.

लेकीचं घर स्टँडपासून जवळ. पुढच्या खोलीत तिचं साड्यांना पिको-फॉल करायचं दुकान. लेक आता चोपन्न-पंचावन्नची. उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी ती साडीचा काठ मशीनखाली असा सरकवत होती की मी बघतच राहिले, आणि मग बघते आहे हे लक्षात येऊन छताकडं बघायला लागले. शेजारीण आत खुर्चीवर बसून लसूण सोलत होती. केस पांढरे, चष्मा जाड, आवाज तोच.

"कोण, आक्का? वाट चुकलीस?"

मी डबा पुढं केला. तिनं झाकण उघडलं.

"परत हलवाच? त्याबी येळेला हलवाच आणलतीस न्हवं?"

मी पाठ केलेलं सगळं विसरले आणि तोंडातून नेमकं ते गुलाबाच्या चित्राखालचं आलं. "अगं, आपली वयं झाली. कळत-नकळत काही चुकलं असेल तर..."

"कळत का नकळत? एक काय ते सांग."

तिनं डब्याचं झाकण लावलं. "ज्याला काय चुकलं त्येच ठावं न्हाय, त्येला माफी कशाची देऊ? जेवून जा."

जेवले आणि आले. भाकरी गोड लागली याचा राग येत राहिला.

तीन दिवसांनी परत गेले. या वेळी मी तयारीनं गेले होते. किप्पूर म्हणजे काय, दार का फाळतात, बाहेरच्याला का शिवायचं नाही, मी तेव्हा किती लहान होते, घरात एकटी होते, उपासानं डोकं कसं गरगरत होतं, आणि मागांच्या आवाजात नीट ऐकूही आलं नाही, हे सगळं मी तिला समजावून सांगितलं. नर्स पेशंटला समजावते तसं. ती लसूण सोलत ऐकत राहिली.

"म्हंजे चूक तुझ्या द्येवाची."

"तसं नाही गं."

"मग मागाची? मागाचा आवाज लई हुता म्हनतीस."

पुढच्या खोलीत मशीन थांबलं होतं. लेक ऐकत होती.

"आमचा माग बंद हुता आक्का तवा," शेजारीण म्हणाली. "माझ्या पोरीचा हात हुता त्यात."

मी चपला घातल्या. बसमध्ये बसायला जागा होती तरी संकेश्वरपर्यंत उभीच होते. का, कुणास ठाऊक. बसण्याची लाज वाटत होती.

नातीनं रात्री जेवताना मला बजावलं की आता पुरे. सून म्हणाली, या वयात कशाला जुनं उकरायचं, बीपी वाढेल. मुलगा म्हणाला, त्यांनाच नको असेल तर तू का मागे लागतेस. सगळे माझ्या भल्याचंच बोलत होते, आणि कुणालाही त्या पोरीचं नाव माहीत नव्हतं. मी पापड मोडत बसले. मला जायचं होतं, आणि मी जाणार होते. माझं बीपी माझं आहे, त्याला मी बघून घेईन.

किप्पूरच्या दोन दिवस आधी तिसऱ्यांदा गेले. डबा नाही, काही नाही. मोकळ्या हातांनी जाताना इतकं नागडं वाटतं हे मला माहीत नव्हतं. शेजारीण दिसल्या दिसल्या मी उभ्यानंच बोलले.

"मी घरात होते. तुझा आवाज ओळखला. पोरीचा हात म्हणालीस ते ऐकलं. कडीवर हात ठेवला होता. उघडता येत होतं, मी उघडलं नाही. मला माझा उपास मोठा वाटला. आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या सासूला खोटं सांगितलं."

शेजारणीच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. ती म्हणाली, "एवढं म्हनायला पन्नास वरसं लागली व्हय?"

"हो."

"मला वाटलं हुतं तू ऐकलं नसशील. ईळभर मला तसं वाटायचं. रात्री न्हाय वाटायचं." मग तिनं पाकळी ताटात टाकली. "मी माफ करत न्हाय. बोटं माझी न्हाईत. जिची हाईत तिला इचार."

मी पुढच्या खोलीत गेले. लेक मशीनवर हात ठेवून बसली होती. तिच्यासमोर मी तेच सगळं पुन्हा म्हटलं, आणि दुसऱ्यांदा ते जास्त जड गेलं.

"आक्का," ती म्हणाली, "मला तुमचं दार आठवत न्हाय. साखर आठवती. माफ करायला माझं काय जातंय? पन मी माफ केलं की आई एकटी पडंल. तिला आधी इचारा."

"तिनंच तुझ्याकडं पाठवलं."

"ठावं हाय." आणि तिनं मशीन सुरू केलं.

घरी आल्यावर नातीनं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. मग तिला आठवलं. "आजी, पण तीनदा झालं! तूच म्हणालीस ना, तीनदा जायचं? म्हणजे तू सुटलीस. आता त्यांनी माफ केलं नाही तर ते त्यांच्यावर."

पुण्याहून आमच्यातल्या एका जाणत्या माणसाचा फोन आला, नातीनंच करायला लावला असणार. तेही तेच म्हणाले. "बाई, शास्त्र आहे तसं. तीनदा मनापासून मागितली, तुमचं झालं. आता शांतपणे दार फाळा आणि उपासाला बसा."

"बोटं तिच्या पोरीची गेली, दाराबाहेर उभी ती राहिली, आणि आता पापही तिच्याच पदरात घालू?" मी म्हटलं. "ते शास्त्र शहाण्याचं असेल. पण मी त्याच्या आड लपणार नाही. एकदा लपले तेवढं बस."

"मग करणार काय तुम्ही?"

"दार फाळणार नाही."

पलीकडून ते म्हणाले, "दारफाळणीला दार उघडं? हे कुणी ऐकलंय का?"

"आता ऐकलं ना तुम्ही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

किप्पूरच्या दिवशी मी पांढरी साडी नेसले. खळ नाही घातली. दाराच्या दोन्ही फळ्या उघडून भिंतीला टेकवल्या आणि बरोबर उंबऱ्यासमोर खुर्ची घेतली. तेच दार. चार वेळा रंग बदललाय, कडी तीच आहे. गल्लीतली माणसं जाता-येता आत बघत होती. एकीनं विचारलं, "आजी, किल्ली हरवली काय?" मी प्रार्थना म्हणत मान हलवली. या वेळी डोळ्यांवर हात ठेवायची वेळ आली तेव्हा मी पहिला शब्द हळू म्हटला. रिक्षा ऐकू आली, भाजीवाला ऐकू आला, समोरच्या घरातला एकुलता एक उरलेला माग ऐकू आला. कबुलीच्या वेळी 'आम्ही' म्हणाले आणि मागोमाग, कुणी शिकवलं नव्हतं तरी, 'मी' म्हणाले.

दुपारी डोळा लागत होता. नात उपासानं आत आडवी झाली होती. तेवढ्यात थाप पडली. उघड्या दाराच्या चौकटीवर, तीनदा.

शेजारीण उभी होती. हातात पिशवी, पिशवीत घडी घातलेलं आधार कार्ड वरच दिसत होतं.

"उघडंच आहे की," मी म्हटलं.

"दिसतंय. तरी ठोकून बघितलं." ती उंबऱ्यातच थांबली. "तुझी नात फोन केलती. म्हनली, आजीनं खुळ्यावानी दार उघडं टाकलंय. म्हटलं बघून येतो. मलाबी बस फुकटच हाय."

ती आत आली. खोलीभर बघितलं. भिंतीला हात लावून बघितला, जिच्या पलीकडं ती चाळीस वर्षं होती. मग सरळ स्वयंपाकघरात गेली. भांडी वाजली. लायटरची खटखट ऐकू आली, एकदा, दोनदा, आणि गॅस पेटल्याचा आवाज.

"काय करतेस गं?" मी बसल्या जागेवरून ओरडले.

"च्या. उपास तुझा हाय, माझा न्हाय." मग आतूनच म्हणाली, "आज लई गारठा हाय न्हवं?"

बाहेर सप्टेंबरचं ऊन रणरणत होतं.

ती कप घेऊन आली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसून, फुंकर घालत, आवाज करत, मुद्दाम सावकाश चहा प्यायली. आल्याचा वास खोलीभर झाला. माझी जीभ टाळूला चिकटली होती आणि तिला ते चांगलं ठाऊक होतं.

"माफ केलंस का?" मी विचारलं.

"न्हाय," ती म्हणाली. "च्या प्यायला आलतो." आणि कप उपडा करून तिनं माझ्या उंबऱ्यावर ठेवला, दार कुणी लावायला गेलं तर आधी तो उचलावा लागेल असा.